आकडा कोणाच्या तापमानाचा?

२०२२ च्या जुलै महिन्यात एका दुपारी साडेबाराच्या सुमारास माझ्या भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. तो ओहायो राज्यात राहतो. तिकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. इतक्या अवेळी फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला, पण त्याची तक्रार वेगळीच निघाली. "मामा, तापमापक बिघडलाय बहुतेक. अडीच तास झाले, आकडा हलतच नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे वीसेक शेजारी जेवायला येणार होते. एका अमेरिकन शेजाऱ्याकडून शिकलेल्या पद्धतीने त्याने मागच्या अंगणातील कोळशाच्या शेगडीवर डुकराच्या खांद्याचा चारेक किलोंचा तुकडा रात्री आठलाच चढवला होता. शेगडी अंगणात होती, भाचा वरच्या मजल्यावर अंथरुणात होता आणि मांसात खुपसलेल्या सळीचे तापमान त्याच्या हातातील फोनच्या पडद्यावर दिसत होते. शेगडीतील हवा २२५ अंश फॅ., मांस १५५ अंश फॅ. आपल्या मापात सांगायचे तर १०७ आणि ६८ अंश से.

"दुसरी सळी लावून पाहा," मी म्हणालो. ते त्याने आधीच केले होते. दुसरी सळी १५४ दाखवत होती. "कोळसा संपला नाही ना?" संपला नव्हता, हवेचा आकडा जागेवर होता. "मग तापमापक ठीक आहे, तू झोप," असे सांगून मी फोन ठेवला. पण मांसाचे तापमान का थांबले, हे मला त्या क्षणी सांगता आले नाही. तापमान मोजण्यातच ज्याची पंधराएक वर्षे गेली, त्याने हे कबूल करणे फारसे भूषणावह नाही.

या लेखात मी अशा दूरस्थ तापमापकांचे परीक्षण करणार आहे. कोणत्या कंपनीचा घ्यावा हे सांगण्याचा हेतू नाही, आणि आपल्यापैकी फारच थोड्यांना तो घ्यावा लागेल. मात्र तारेच्या टोकाला संवेदक आणि पडद्यावर आकडा असे उपकरण आता आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांतही येऊ लागले आहे. त्याच्या आकड्यावर विश्वास किती आणि कशासाठी ठेवायचा, हा प्रश्न ओहायोतील अंगणात आणि आपल्या वर्गात एकच आहे. शाकाहारी वाचकांनी मांसाच्या जागी ओला स्पंज आहे असे समजावे. ही केवळ सोय नाही, पुढे त्याचा खरोखरच उपयोग होणार आहे.

शेगडी आणि सळी

आधी शेगडीची ओळख करून घेऊ. अमेरिकेत घरोघरी दिसणारी गोल, झाकणाची शेगडी १९५२ साली जॉर्ज स्टीफन या गृहस्थांनी बनवली. ते शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात कामाला होते. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे पोकळ गोल, म्हणजे बोये, तयार होत. असा एक गोल मधोमध कापून खालच्या अर्ध्यात त्यांनी कोळसा ठेवला आणि वरच्या अर्ध्याचे झाकण केले. खाली आणि वर हवेसाठी झडपा ठेवल्या. उघड्या शेगडीवर वारा आणि पाऊस यांच्यापुढे काही चालत नसे. आता आच झडपांनी कमीजास्त करता येऊ लागली. मात्र झाकणामुळे एक अडचणही आली. आत काय चालले आहे ते दिसेनासे झाले आणि पाहायला झाकण उघडावे तर उष्णता निघून जाते. तापमापकाची गरज इथे निर्माण झाली.

पुष्कळ शेगड्यांच्या झाकणात घड्याळासारखी तबकडी असते. तिच्या मागे दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असते आणि ती तापल्यावर वाकते. दूरस्थ उपकरणात तबकडीच्या जागी पोलादी सळी येते. तिच्या टोकात बहुधा थर्मिस्टर असतो. धातूची तार तापली की तिचा विद्युतरोध वाढतो, थर्मिस्टरचा उलट कमी होतो. तापल्यावर रोध कमी होण्याचा हा प्रकार फॅरडेने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. खोलीच्या तापमानाला थर्मिस्टरचा रोध दर अंशाला सुमारे ४ टक्क्यांनी घटतो, त्यामुळे बारीकसा बदलही सहज मोजता येतो. काही महागड्या उपकरणांत थर्मोकपल असते. दोन धातूंच्या सांध्याला उष्णता दिली की विद्युतदाब निर्माण होतो, हा झेबेकचा १८२१ मधील शोध. नेहमीच्या वापरातील थर्मोकपलमध्ये दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा पंचवीस हजारावा भाग, एवढाच दाब मिळतो. तो वाढवून मोजावा लागतो, पण हा सांधा धगधगत्या निखाऱ्यातही टिकतो. थर्मिस्टर तिथे टिकत नाही.

सळीची तार झाकणाच्या फटीतून बाहेर येते. बाहेरच्या डबीत रोधाचे तापमानात रूपांतर होते आणि रेडिओलहरींनी तो आकडा घरात पोहोचतो. अलीकडे तार नसलेल्या सळ्याही निघाल्या आहेत. त्यांच्यात प्रक्षेपक सळीच्याच दुसऱ्या टोकाला, म्हणजे शेगडीच्या आत असतो. पोलादी भांडे आणि पोलादी झाकण म्हणजे फॅरडेचा पिंजराच. ब्लूटूथच्या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते, आणि बाहेर पडायला त्यांना झडपेची छोटी भोके आणि झाकणाची फट एवढीच वाट मिळते. खोक्यावर छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो, हे विकत घेणाऱ्याच्या नंतर ध्यानात येते.

या उपकरणाने जे चांगले केले ते आधी सांगायला हवे. पूर्वी कोंबडी शिजली की नाही हे कापून, रंग पाहून, बाहेर येणारा रस स्वच्छ आहे का ते पाहून ठरवत. या तिन्ही खुणा बेभरवशाच्या आहेत. पूर्ण शिजलेले मांस हाडाजवळ गुलाबी राहू शकते आणि गुलाबीपणा गेलेल्या मांसात जंतू जिवंत असू शकतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी आतले तापमान ७४ अंश से. ठरवले आहे. डुकराच्या अखंड तुकड्यासाठी पूर्वी ७१ अंश होते. २०११ साली ते ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती असे केले. यातील विश्रांतीच्या अटीकडे शिक्षकांनी जरूर लक्ष वेधावे. जंतू मरणे हे तापमान आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असते. कोंबडीतील साल्मोनेला ६० अंशांनाही पुरेसे मरतात, फक्त त्याला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. ७४ अंशांना हे काम जवळजवळ तत्क्षणी होते. असा निर्णय डोळ्यांनी होत नाही, तापमापकानेच होतो. एवढ्या एका कारणासाठीही हे उपकरण घरात असावे, असे मी म्हणेन.

माझी तक्रार त्यावर छापलेल्या मजकुराबद्दल आहे आणि त्यातून निर्माण होणाऱ्या समजुतीबद्दल आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते की, अचूकता अधिक-उणे एक अंश. हा दावा बहुतेक वेळा खराही असतो. पण तो कशाबद्दलचा दावा आहे?

सळी स्वतःचेच तापमान सांगते

कोणताही तापमापक फक्त एकाच वस्तूचे तापमान मोजतो, ती वस्तू म्हणजे तो स्वतः. हवेचे, पाण्याचे किंवा मांसाचे तापमान हा आपण काढलेला निष्कर्ष असतो. सळीचे टोक आणि भोवतालची वस्तू समान तापमानाला आली आहे, एवढे गृहीत धरले तरच तो निष्कर्ष बरोबर ठरतो. काचेच्या नळीतील पाऱ्यालाही हेच लागू होते. मात्र ती नळी हातात धरून, डोळ्यांसमोर ठेवून वाचावी लागे, म्हणून ती कुठे बुडाली आहे, तिच्यावर ऊन पडते आहे का, हे वाचणाऱ्याला दिसत असे. दूरस्थ उपकरणात फक्त आकडा आत येतो, ही सगळी परिस्थिती अंगणातच राहते.

'शेगडीचे तापमान' हा शब्दप्रयोगच घ्या. निखारे ७०० अंशांच्या घरात असतात, झाकणाखालची हवा आणि जाळीजवळची हवा यांत कित्येक अंशांचा फरक असतो, आणि नुकत्याच ठेवलेल्या थंड मांसाशेजारी हवेचा आणखी एक गार थर असतो. यांपैकी शेगडीचे तापमान कोणते? भाच्याची हवेची सळी मांसापासून दोन बोटांवर होती. दुसऱ्या टोकाला, निखाऱ्यांच्या बाजूला ती लावली असती, तर तिने वेगळाच आकडा दाखवला असता, आणि तोही एका अंशापर्यंत अचूक!

निखाऱ्यांच्या बाजूचा प्रश्न केवळ गरम हवेचा नाही, तो प्रारणाचा आहे. त्याचा ढोबळ हिशेब अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी करून पाहण्यासारखा आहे. निखाऱ्याचे तापमान १००० केल्विन धरू. स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमाप्रमाणे त्याच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ५७ किलोवॅट प्रारण बाहेर पडते. समजा सळीला तिच्या चहूबाजूंच्या एकूण दृश्यापैकी फक्त एक टक्का भागात निखारे दिसतात. तरीही तिच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ५७० वॅट येऊन पडतात. सळी धुराने काळी झालेली असेल तर त्यांतील साडेचारशे तरी ती शोषून घेईल. ही जास्तीची उष्णता ती भोवतालची हवा आणि शेगडीची भिंत यांना देत राहते. त्या देवाणघेवाणीचा दर अशा संथ हवेत चौरस मीटरला दर अंशामागे ३० ते ३५ वॅट धरायला हरकत नाही. भागाकार करा. सळी हवेपेक्षा १३ ते १५ अंशांनी जास्त तापेल.

गंमत पुढे आहे. सळी नवी, चकचकीत असेल, तर ती यापेक्षा खूपच कमी प्रारण शोषते आणि चूक पाच-सहा अंशांवर येते. म्हणजे त्याच जागी लावलेली तीच सळी काही महिन्यांत वेगळा आकडा दाखवू लागते. तिच्यातल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काही बिघडलेले नसते. फक्त सळी काळी झालेली असते. बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासली तर ती शून्यच दाखवेल, कारण त्या भांड्यात निखारे नसतात.

हवामानशास्त्रज्ञांना ही अडचण फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणून त्यांचे तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत ठेवलेले असतात. या पेटीला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. (हा थॉमस स्टीव्हन्सन दीपगृहे बांधणारा अभियंता होता आणि कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा पिता.) हवा आत खेळली पाहिजे, पण सूर्य दिसता कामा नये, एवढेच तिचे काम. शेगडीच्या उपकरणाबरोबर सळी जाळीला अडकवण्यासाठी छानसा चिमटा देतात, आडोसा मात्र देत नाहीत. सळी आणि निखारे यांच्यामध्ये अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा एक तुकडा उभा केला तरी भागण्यासारखे आहे. त्याचा उल्लेख मी पाहिलेल्या एकाही माहितीपत्रकात नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. या खांद्याच्या प्रकरणाच्या आदल्या वर्षी भाच्याने याच उपकरणावर कोंबडीच्या तंगड्या भाजल्या होत्या. फोनने ७४ अंशांचा गजर दिला. त्याने ताट भरून आत आणले. त्याच्या बायकोला शंका आली म्हणून तिने हातात धरून वापरायचा बारीक टोकाचा तापमापक हाडाजवळ घातला, तर ५८ अंश. सगळ्या तंगड्या परत शेगडीवर गेल्या, म्हणून निभावले. त्या दिवशी जेवायला तिची सात महिन्यांची गरोदर बहीण आलेली होती.

इथेही उपकरण सदोष नव्हते. सळी बोटभर लांबीची आणि तंगडी लहान, त्यामुळे सळीचे जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर टोक मांसात गेले होते. उरलेली सळी शेगडीच्या गरम हवेत. पोलाद उष्णतेचे वहन मांसाच्या सुमारे तीसपट चांगले करते. बाहेरच्या भागाने घेतलेली उष्णता सळीतून थेट टोकाकडे येत राहिली आणि टोक भोवतालच्या मांसापेक्षा जास्त तापले. चहाच्या कपात ठेवलेल्या स्टीलच्या चमच्याचा दांडा पोळतो, त्याचीच ही उलटी बाजू. जाड तुकड्यात सळी खोलवर जाते, तेव्हा ही चूक नगण्य असते. म्हणजे उपकरण जाड मांसासाठी बनवलेले आणि त्यावरची अचूकता सर्वांसाठी छापलेली. शाळेत अर्धवट बुडवलेल्या तापमापकाने पाण्याचे तापमान घेणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण गुण कापतो.

थांबलेला आकडा

आता त्या पहाटेच्या फोनकडे वळू. मांस ६८ अंशांवर का थांबले?

अमेरिकेतील भाजणारे लोक या थांब्याला फार पूर्वीपासून ओळखतात आणि त्याला 'स्टॉल' म्हणतात. तापमान भराभर चढते, मग ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी अडते आणि चार-पाच तास तिथेच रेंगाळते. यावर अनेक स्पष्टीकरणे दिली जात. चरबी वितळते आहे, कोलॅजेनचे जिलेटिन होते आहे, या बदलांना लागणारी उष्णता तिथे खर्च होते, असे म्हणत. बर्फ वितळताना तापमान शून्यावर थांबते, त्या नमुन्यावर बेतलेले हे उत्तर ऐकायला पटते. मीही फोन ठेवल्यावर मनाशी तेच म्हटले होते.

ग्रेग ब्लॉन्डर या अमेरिकन भौतिकीतज्ज्ञाने २०१० च्या सुमारास हा प्रश्न प्रयोगाने सोडवला. प्रयोग इतका साधा आहे की आपल्याला तो सुचला नाही याचे वाईट वाटावे. त्याने भट्टीत पाण्याने भिजवलेला स्पंज आणि नुसत्या चरबीचा गोळा ठेवला आणि दोन्हींत सळ्या खुपसल्या. चरबी वितळण्यामुळे थांबा येत असेल, तर तो चरबीच्या गोळ्यात ठळक दिसायला हवा. तिथे तो दिसलाच नाही, तापमान वर चढतच गेले. स्पंजात ना चरबी, ना कोलॅजेन, तरी तो थांबला. थांबा येतो तो पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे. आपल्या माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने १०७ अंशांच्या हवेतील मांस ६८ वर अडते.

हा हिशेब किती नेमका जुळतो ते पाहा. तुकड्याचा पृष्ठभाग साधारण ०.१ चौरस मीटर. हवा आणि मांस यांतील फरक १०७ उणे ६८, म्हणजे ३९ अंश. मांसाला मिळणाऱ्या उष्णतेचा दर चौरस मीटरला दर अंशामागे १७ वॅट धरू. सळीसाठी आपण जो दर घेतला त्याहून हा कमी आहे, कारण बारीक वस्तूला हवेपासून उष्णता अधिक वेगाने मिळते. गुणाकार सुमारे ६६ वॅट. आता खर्चाची बाजू. या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २३४० ज्यूल लागतात. तासाला १०० ग्रॅम पाणी उडत असेल, तर तो खर्च ६५ वॅट होतो. जमा आणि खर्च सारखे, मग तापमान वाढणार कसे? पृष्ठभाग सुकत जातो, आतून येणारे पाणी कमी पडू लागते, तसे पारडे झुकते आणि आकडा पुन्हा हलतो. म्हणूनच तिकडचे अनुभवी लोक थांबा आला की मांस अॅल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळतात. वाफ कोंडली की खर्चाची बाजू बंद होते.

मग उपकरणावर टीका कशासाठी? त्याने तर खरा आकडा दाखवला होता. टीका अशी की, त्याच पडद्यावर आकड्याखाली आणखी एक ओळ होती, ती म्हणजे 'तयार होण्यास उरलेला वेळ'. रात्री अकराला ती साडेचार तास म्हणत होती, दीडला नऊ तास, आणि तीनला तिथे नुसत्या रेघा होत्या. भाचा घाबरला तो आकड्याला नाही, त्या रेघांना. गेल्या काही मिनिटांचा चढ पाहून तीच सरळ रेषा पुढे ओढायची, असा काहीसा तो अंदाज असावा. ज्या क्रियेत मधेच चढ शून्य होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे ही रीत कशी चालावी? थांबा किती लांबेल हे हवेच्या आर्द्रतेवर, वाऱ्यावर, पृष्ठभाग किती सुकला आहे त्यावर ठरते. यांतील एकही राशी हे उपकरण मोजत नाही. मोजत नसलेल्या गोष्टीबद्दल त्याने मिनिटांच्या हिशेबात बोलू नये.

पंख्याच्या हाती कारभार

याच्या पुढची पायरी म्हणजे तापमान नुसते न वाचता सांभाळणारी उपकरणे. खालच्या झडपेला एक छोटा पंखा जोडलेला असतो. आकडा ठरवलेल्या मूल्याखाली गेला की तो हवा फुंकतो. याची मूळ कल्पना मला पसंत आहे, कारण शेगडीतली आच कोळशाच्या ढिगावर नव्हे, तर मिळणाऱ्या हवेवर ठरते. एक किलो कार्बन जळायला सुमारे ९,६०० लिटर हवा लागते. तो आठ तासांत जाळायचा असेल, तर मिनिटाला केवळ २० लिटर. स्वस्थ बसलेली तीन माणसे मिळून साधारण एवढीच हवा श्वासात घेतात! त्यातून मिळणारी शक्ती साधारण एक किलोवॅट, म्हणजे पाणी तापवायच्या लहान कांडीएवढी. इतक्या थोड्या हवेवर कारभार चालतो म्हणून झडप केसभर सरकली तरी फरक पडतो.

पण इथेही तोच घोटाळा आहे. मांस उलटायला झाकण उघडले की सळीभोवतीची हवा पटकन गार होते. निखारे मात्र तसेच धगधगत असतात, उलट मोकळी हवा मिळून अधिकच फुलतात. पंख्याला यातले काही दिसत नाही. आकडा घसरला म्हणून तो जोरात फुंकू लागतो आणि झाकण लावल्यावर तापमान ठरवलेल्या मूल्याच्या कितीतरी वर जाते. आता काही नियंत्रकांत 'झाकण उघडले असावे' हे ओळखून काही मिनिटे पंखा बंद ठेवण्याची सोय आहे, आणि ती करणाऱ्यांना आकड्याचा अर्थ कळला होता असे म्हणावे लागेल.

एक गोष्ट मात्र कोणत्याच नियंत्रकाच्या हाती नसते. पाऊस आला की काही लोक पेटलेली शेगडी गाडीच्या गॅरेजमध्ये किंवा बंद ओसरीत ओढून आणतात. कमी हवेत जळणारा कोळसा भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि अशा अपघातांत माणसे मेली आहेत. फोनवर मात्र तेच २२५ दिसत राहते, कारण तापमानात काही बदललेलेच नसते. सगळे ठीक आहे असे सांगणारा हिरवा ठिपका या उपकरणांच्या पडद्यावर असतो. त्या ठिपक्याला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

हे सगळे मी भाच्याला सविस्तर लिहून पाठवले. मांसाचे काय झाले हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल, तर ते पहाटे सहाला ७० वर सरकले, आठला त्याने ते पत्र्यात गुंडाळले आणि दुपारी एकला ९५ अंश होऊन उतरले. पाहुणे खूश झाले म्हणे. कोलॅजेनचे जिलेटिन व्हायला तो वेळ लागतोच, त्यामुळे थांब्याने तसे बिघडवले काहीच नव्हते.

मी त्याला आणखी एक काम सांगितले होते. उपकरणाला चार सळ्या लागतात आणि तो दोनच वापरतो. तिसरीला सुती कापडाची वात गुंडाळून तिचे दुसरे टोक पाण्याच्या वाटीत सोडायचे आणि ती कोरड्या सळीशेजारी, निखाऱ्यांपासून आडोशाला ठेवायची. वर्गात आपण ओल्या व कोरड्या बल्बचा तापमापक करतो, तोच हा. थांब्याचा आकडा या ओल्या सळीइतका खाली नसणार, कारण मांसाचा पृष्ठभाग कापडासारखा पूर्ण ओला नसतो आणि त्यावर प्रारणही पडत असते. पण शेगडीत आज बाष्पीभवनाला किती वाव आहे, हे तिच्यावरून कळेल. पुढच्या खेपेला त्याने ते केले. कोरडी सळी १०८, ओली ५१. वाटी लहान होती, चाळीस मिनिटांत पाणी आटले, वात सुकली आणि दोन्ही सळ्या एकच आकडा दाखवू लागल्या. त्याने फोनवरचे दोन्ही आलेख मला पाठवले आणि खाली लिहिले, "मामा, या वेळी बिघडलेला नाही. वाटी मोठी घेतो."